नंबराच्या चपला

काल दुपारचे साडेतीन वाजले होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्याबाहेर प्रेमलाबाईंनी माझ्या वरच्या फळीवरच्या सगळ्या चपला एकेक करून खाली घेतल्या, झटकल्या आणि जोडीला जोड लावून पुन्हा मांडल्या. बायकांच्या वर, पुरुषांच्या मधल्या फळीवर, लहान मुलांच्या एका कोपऱ्यात. मग हात झटकून त्यांनी मोठ्या समाधानाने माझ्याकडे पाहिले.

त्याच क्षणी आत बसलेल्या सगळ्यांचे नंबर मोडले. प्रेमलाबाईंना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण मला तोंड नाही.

मित्रांनो, मी त्या दवाखान्याच्या ओट्यावर उभा असलेला चपलांचा लोखंडी स्टँड आहे. तीन फळ्या, चार पाय, आणि त्यातल्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा. माझा जन्म रायपूरजवळच्या सिलतऱ्याचा. तिथल्या कारखान्यात मी आधी काळ्या मातीसारखा भुसभुशीत होतो. मग भट्टीत पडलो. तिथे कसे वाटले ते सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत. सूर्य जवळून पाहिला एवढेच म्हणतो. वितळलो, ओतला गेलो, लाटला गेलो, लांबलचक पट्ट्या झालो. एका वेल्डिंगवाल्याने मला कापून, जोडून, हिरवा रंग देऊन या ओट्यावर आणून ठेवले. तेव्हा डॉक्टर चित्रा दाणी यांनी नवा दवाखाना थाटला होता. येणारे-जाणारे मला हात लावून म्हणायचे, "वा, मजबूत है!" मला फार अभिमान वाटायचा.

पुढे पावसाळे आले आणि गेले. माझा हिरवा रंग पापुद्र्यांनी उडाला, सांध्यांना गंज चढला. मधली फळी एका बाजूने लोंबू लागली, ती दवाखान्यातल्या सुशीलादीदींनी तारेने बांधून टाकली. मला भंगारात देऊन प्लॅस्टिकचा स्टँड आणावा, असा विषय दर दिवाळीला निघतो. पण तो विषय तडीस जात नाही, कारण माझ्याकडे एक काम आहे. ते काम मला कुणी दिले नाही, लोकांनीच ठरवले.

त्याचे असे झाले. डॉक्टर चित्रा फोनवर प्रत्येकाला वेळ देतात. अकरा म्हणजे अकरा, तीन म्हणजे तीन. पण त्या एका माणसाच्या तोंडात पाहू लागल्या की जग विसरतात. दुखणारा दात बघता बघता शेजारचा किडलेला दिसतो, माणूस घाबरला तर त्याला धीर द्यावा लागतो, आणि अर्धवट काम त्यांना जमत नाही. म्हणून अकराची वेळ साडेबाराला येते आणि तीनची कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. लोक चिडले, ओरडले, आणि शेवटी आपल्या पद्धतीने त्यावर उपाय काढला. जो येईल त्याने माझ्या वरच्या फळीवर डावीकडून आपल्या चपला ठेवायच्या. सगळ्यात डावीकडची चप्पल म्हणजे पुढचा नंबर. चप्पल फळीवर असली की माणूस भाजी आणायला गेला तरी चालते. नेहमीचे लोक तर त्यासाठी घरून एक जुना जोड पिशवीत घालून आणतात. तो माझ्यावर ठेवायचा आणि पायातल्या चपलांनी बाजार फिरून यायचे. त्या जुन्या जोडांना इथे 'नंबराच्या चपला' म्हणतात.

सुशीलादीदी दारात येऊन माणसांना नावाने नाही, चपलांनी हाक मारतात. "ओ लाल पट्टा, चला!" "सोनेरी सँडल, तुमचा नंबर आला!" आणि मोठमोठी माणसे 'लाल पट्टा' या नावाला ओ देऊन मुकाट्याने आत जातात.

आता प्रेमलाबाईंची गोष्ट. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. गोंदियाहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. यजमान गेले, प्रेमलाबाई चौबे कॉलनीत मुलाकडे, श्रीपादकडे राहतात. त्यांना एक सवय आहे. कुठल्याही दारात चपला विस्कटलेल्या दिसल्या की त्यांचे हात थांबत नाहीत. हळदीकुंकवाला गेल्या तरी आधी दारातल्या चपला सरळ करतील, मग आत जातील. आणि त्यांची दुसरी ओळख म्हणजे पाळणा. कुणाच्याही घरी बारसे असले की पाळण्याचे गाणे प्रेमलाबाईंनीच म्हणायचे. रेल्वे कॉलनीतली कितीतरी पोरे त्यांच्या आवाजात आपले नाव पहिल्यांदा ऐकून मोठी झाली.

चार महिन्यांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले. तेव्हापासून त्या गायल्या नव्हत्या. बोळक्या तोंडाने शब्द फुटत नव्हते, नुसती हवा निघत होती. काल त्यांची कवळी बसायची होती. आणि कालच संध्याकाळी सहाला त्यांच्या नातीच्या, निधीच्या मुलीचे बारसे होते. प्रेमलाबाईंची पहिली पणती. वेळ तीनची मिळाली होती. "तीनाले गेलो का साडेतीनाले मोकळे," असे त्या घरी सांगून आल्या होत्या.

एरवी श्रीपाद त्यांना घेऊन यायचा आणि चपला तोच ठेवायचा. काल तो बारशाच्या गडबडीत होता, म्हणून निधीची धाकटी बहीण अनुश्री आली. तिने आजींच्या चपला फळीवर ठेवल्या. डावीकडून दुसरा नंबर लागला. मग ती बाजाराला निघाली.

"आजी, तुम यहीं बैठना. मैं पेढे और हार लेके आती हूँ. अपना नंबर दूसरा है," ती म्हणाली.

"जाय, पण लवकर ये वो पोट्टी. मले अंदर एकटीले भेव वाटते."

"भेव काहे का? दात तो अब लगने वाले हैं, निकलने वाले थोड़ी हैं!"

अनुश्री हसत हसत गेली. प्रेमलाबाई आत पंख्याखाली बसल्या, पण त्यांना चैन पडेना. आतून मशीनचा आवाज येत होता. त्या उठून ओट्यावर आल्या आणि समोर मी. माझ्यावर एक चप्पल उलटी, एक तिरकी, एक दुसरीच्या डोक्यावर. पुढे काय झाले ते मी सांगितलेच आहे.

थोड्या वेळाने दार उघडले. सुशीलादीदी सवयीने डावीकडे बघून म्हणाल्या, "गुलाबी फूलवाली, चला." आणि थबकल्या. गुलाबी फुलाच्या चपला घालणारी बाई तर आत्ता पाच मिनिटांपूर्वी आली होती.

"हे काय झालं? कुणी हात लावला स्टँडले?"

आतली सगळी माणसे अनवाणी बाहेर धावली. एकच गलका उडाला.

"पहिला नंबर माझा होता," यशवंतराव म्हणाले. ते तात्यापाऱ्यातलेच, निवृत्त वकील, काळे बूट घालून येणारे. "मी स्वतः डाव्या टोकाला बूट ठेवले. साक्षीदार आणू?"

"ओ वकीलसाहेब, तुम्ही आले तेव्हा आम्ही इथं बसूनच होतो!" गुलाबी फुलाची बाई म्हणाली.

"झूठ! तुम तो अभी आई हो," मागून कुणीतरी ओरडले.

"मैं? मेरी चप्पल पहिली दिसतेय की नाही, बघा ना!"

मित्रांनो, मी सगळे पाहिले होते. यशवंतरावांचे बूट चौथे होते. गुलाबी फुलाची चप्पल सहावी होती. पहिला नंबर शाळेत शिकवणाऱ्या मीराबाईंचा होता, आणि त्या गर्दीत त्यांचा आवाजही कुणाला ऐकू जात नव्हता. मला सगळ्यांचा क्रम पाठ होता. पण लोखंडाला जिभेचे सुख नाही.

"आता मी कोणाले हाक मारू?" सुशीलादीदी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मॅडमनी अंदरून विचारलं तर काय सांगू, की चपलांनी संप केला?"

तेवढ्यात प्रेमलाबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, मीच लावल्या वो चपला. विस्कटून पडल्या होत्या. मले काय माहीत त्याच्यात नंबर असते म्हनून?"

सगळे त्यांच्याकडे वळले. यशवंतरावांनी तोंड उघडले आणि मिटले. म्हाताऱ्या बाईला काय बोलणार! "आजी, पण काहून लावल्या?" गुलाबी फुलाची बाई कळवळून म्हणाली. "आता इथं रात्र होईल."

प्रेमलाबाईंची नजर माझ्या मधल्या फळीवर गेली. तिथे त्यांनीच नीट लावलेले दोन जाडजूड बूट होते, काळ्या धुळीने माखलेले. ती धूळ मी लगेच ओळखली होती. ती माझ्या जन्मगावची, सिलतऱ्याच्या भट्टीची धूळ होती. त्या बुटांचा मालक शंकर, भट्टीवर काम करणारा सहा फुटी माणूस, भिंतीला टेकून उभा होता. तो सगळ्यात शेवटी आला होता. भांडणात तो एक शब्द बोलला नव्हता, कारण त्याला बोलता येत नव्हते. त्याचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि डोळ्यातून पाणी गळत होते.

प्रेमलाबाईंनी वाकून ते बूट उचलले आणि वरच्या फळीवर डाव्या टोकाला ठेवले.

"नंबर तर गेला," त्या म्हणाल्या. "आता ज्याले जास्त दुखते, तो आधी. बाकीच्यांनी आपापलं सांगा."

मित्रांनो, त्यानंतर जे घडले त्याने माझ्या गंजलेल्या सांध्यांतून कंप गेला. भट्टीनंतर मी इतका थक्क कधी झालो नव्हतो. ज्या माणसांनी आत्ता आपापल्या नंबराबद्दल बेधडक खोटे सांगितले होते, त्यांच्यातला एकही आपल्या दुखण्याबद्दल खोटे बोलला नाही. शंकरच्या गालाकडे बघून खोटे कुणाच्या तोंडातून निघालेच नाही.

"मला तसं काही फार नाही, फक्त साफ करायचे आहेत," गुलाबी फुलाची बाई हळूच म्हणाली आणि आपल्या चपला उजवीकडे सरकवल्या.

"माझं थंड पाण्यानं ठणकतं," मीराबाई म्हणाल्या. "पण रात्री झोप लागते."

यशवंतरावांनी घसा खाकरला. "मला... म्हणजे, मला नुसतं दाखवायचं होतं. एक दात हलतोय." आणि त्यांनी आपले काळे बूट स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवले.

"अन् तुमचं, आजी?" सुशीलादीदींनी विचारले.

प्रेमलाबाईंनी तोंड उघडून दाखवले. आत सपाट मैदान होते. "मले काहून दुखन? दुखाले दातच नाही राहिले."

ओट्यावर हसण्याची लाट उठली. शंकरलाही हसू आले आणि लगेच त्याने गाल धरला. प्रेमलाबाई मात्र हसल्या नाहीत. आपणच काढलेला नियम त्यांना आता नीट कळला होता. त्यांनी आपल्या तपकिरी चपला उचलल्या. त्यातल्या एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. त्या त्यांनी माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर, उजव्या टोकाला, यशवंतरावांच्याही मागे ठेवल्या.

अनुश्री परत आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि शंकर आतच होता. तिने फळी पाहिली आणि तिचा पारा चढला.

"आजी! अपना दूसरा नंबर था ना?"

"होता. मीच मोडला."

"और पाळणा? छह बजे सब औरतें आ जाएँगी. पप्पा के तीन फोन आ चुके!"

"सांग त्याले, येऊन राहिली म्हना."

"बिना दात के गाओगी?"

प्रेमलाबाईंनी पेढ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि दाराकडे बघत बसल्या. दर वेळी दार उघडले की त्यांची मान वर व्हायची. माणूस बाहेर यायचा, दुसरा आत जायचा, आणि मान खाली व्हायची. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढले. मी पुष्कळांना ताटकळताना पाहिले आहे. लोक घड्याळ बघतात, पाय हलवतात, डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडतात. आपणच ठरवलेल्या नियमापायी इतके शांत ताटकळणारे माणूस मी काल पाहिले.

सगळ्यात आधी शंकर बाहेर आला. तोंडात कापूस, डोळे लाल, पण खांदे मोकळे झालेले. भट्टीसमोर रोज उभा राहणारा तो माणूस, एका इवल्याशा दाताने त्याला लहान मूल करून टाकले होते, आणि तो दात निघताच तो पुन्हा सहा फुटी झाला. त्याने बूट घातले. मग दारातून आत, प्रेमलाबाईंकडे पाहिले. त्याला काहीतरी बोलायचे होते, पण कापसामुळे बोलता येईना. तो खाली वाकला. माझ्या खालच्या फळीवरून त्याने शिवलेल्या अंगठ्याच्या तपकिरी चपला उचलल्या आणि वरच्या फळीवर, डावीकडे, पहिल्या नंबरावर नेऊन ठेवल्या. कुणाच्या लक्षात आले नाही. तो गेला.

सुशीलादीदींनी पुढच्या वेळी बाहेर येऊन ते पाहिले आणि क्षणभर विचारात पडल्या. पण मीराबाईंचा ठणका खरा होता. "हव, आधी मीराबाई," त्या म्हणाल्या, आणि चपला तिथेच राहिल्या.

साडेपाच वाजले. आता फक्त यशवंतराव आणि प्रेमलाबाई उरले. यशवंतरावांना हाक आली. ते उठले, आणि बाहेर येऊन बूट घालू लागले.

"वकीलसाहेब, अंदर इकडून," सुशीलादीदी म्हणाल्या.

"माझा दात उद्यापर्यंत हलेल. हलू द्या." त्यांनी लेस बांधली. "दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. या बाईंचे चणे घरी थांबलेत. त्यांना आधी दात द्या."

प्रेमलाबाई आत गेल्या. दार अर्धे उघडेच राहिले, म्हणून पुढचे मी ऐकले.

डॉक्टर चित्रांनी कवळी बसवली आणि म्हणाल्या, "काही तरी म्हणा, आजी. पाळणाच म्हणा."

"नाही बाई. पाळना बाळाच्या आधी कोनाले ऐकवाचा नसते."

"मग दुसरं काही म्हणा."

प्रेमलाबाईंनी थोडा विचार केला. मग यजमानांच्या गाडीची वाट बघत वर्षानुवर्षे मनात म्हटलेली स्टेशनांची नावे त्या मोठ्याने म्हणू लागल्या. "गोंदिया. शालेकशा..." शब्दातून शिट्टी वाजली.

"काढा. थोडं घासते."

"मॅडम, छह बजने में बीस मिनट हैं," अनुश्री म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"बेटा, आत्ता तशीच सोडली तर हिरडी सोलेल आणि आजी उद्या फेकून देतील. थांब." मशीन सुरू झाले. पहिल्यांदाच मला त्या आवाजाची भीती वाटली आणि त्याच वेळी आदरही वाटला. बाहेर घाई उभी होती, आणि आत एक बाई केसाएवढे घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती.

"गोंदिया. शालेकसा."

"पुन्हा."

"गोंदिया. सालेकसा. डोंगरगड. राजनांदगाव. दुर्ग. भिलाई. रायपूर."

एकही अक्षर घसरले नाही. सुशीलादीदींनी टाळ्या वाजवल्या. "गाडी आली हो, आजी, टेशनात!"

प्रेमलाबाई तोंडावर पदर धरून लगबगीने बाहेर आल्या. खाली वाकल्या. जिथे चपला ठेवल्या होत्या त्या खालच्या फळीचा उजवा कोपरा रिकामा होता.

"माह्या चपला कोठी गेल्या?"

त्या वर होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर, अगदी पहिल्या नंबरावर. पण ज्याने आपल्या चपला शेवटी ठेवल्या तो त्या पहिल्या जागी शोधत नाही. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

"आजी, छोड़ो! ऑटो खड़ा है! छह बज गए!"

"अवो, पन अनवाणी बारशाले..."

"चलो ना!"

आणि जन्मभर सगळ्यांच्या चपला सरळ लावणारी ती बाई चैत्रातल्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी पळत गेली. पेढ्यांचा डबा छातीशी धरलेला, ओठ घट्ट मिटलेले. जणू आत दात नाहीत, काहीतरी सांडून जाईल असे ठेवले आहे. ऑटो चौकात वळला आणि मला दिसेनासा झाला.

मित्रांनो, मी माझ्या गंजाची तक्रार करणार नाही. कुणी वर्षातून एकदा मला रंग दिला तर बरे होईल, एवढेच म्हणतो. मागणे आहे ते तुमच्यासाठी. दवाखान्यात तुमची वेळ टळली तर घड्याळाकडे एकदा बघा, आणि मग शेजारच्याच्या गालाकडेही बघा. आत उशीर होतो तो बहुतेक वेळा कुणाचे तरी काम नीट व्हावे म्हणून होतो. आणि दारातल्या चपला जरूर सरळ लावा, पण लावण्याआधी कुणाला तरी विचारा.

बारसे आजींसाठी थांबले का, मला माहीत नाही. पाळणा झाला का, नवे दात गाण्यात टिकले का, बाळाचे नाव काय ठेवले, यातले काही इथपर्यंत आलेले नाही. ऑटोवाला परत या बाजूला आला नाही. डॉक्टरांनी आजींना दाखवायला आज सकाळी अकराला बोलावले आहे.

आज सकाळी सुशीलादीदींनी ओटा झाडला, मला पुसले, पण तपकिरी चपलांना हात लावला नाही. पहिला पेशंट आला, त्याने त्या पाहिल्या, आणि आपल्या चपला त्यांच्या उजवीकडे ठेवल्या. मग दुसरा आला. मग तिसरा. आता अकरा वाजून गेले आहेत. सुशीलादीदी दारात येऊन माझ्या डाव्या टोकाकडे बघतात, मग रस्त्याकडे बघतात, आणि कुणालाही हाक न मारता आत जातात.